वाकलेल्या तळाचा डबा

उन्नतीचं पत्र मला गणपतीच्या दिवसांत मिळालं. डिसेंबर लागला तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. माझ्या हातून राहून गेलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांची मला सवय झाली आहे. या एका पत्राची मात्र होईना.

छत्तीसगढातल्या पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात मी छत्तीस वर्षं कारकून होतो. आलेल्या पत्रांना उत्तरं तयार करणं हेच माझं काम होतं. साहेब म्हणायचे, विजयबाबूंच्या टेबलावर पत्र शिळं होत नाही. निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय माझ्याकडे आलं. वाचनालय म्हणजे चार कपाटं, एक लांब टेबल आणि संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी खोली. वाचायला येणारे थोडेच. इथे वाढलेली आमची मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि पुस्तक कुठल्याच भाषेतलं उघडत नाहीत.

उन्नती वेगळी होती. ती लाखनीकडची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन इथे जुनवानीला आली. तिचा सासरा तेजराम माझा चाळीस वर्षांचा स्नेही. तो भट्टीवर, मी ऑफिसात. पण दोघं एकाच गाडीने गोंदियाकडे जायचो, तिथून ओळख झाली. उन्नती दर शनिवारी दोन पुस्तकं न्यायची आणि दोन परत आणायची. गणपतीतल्या त्या शनिवारी परत आलेल्या पुस्तकात वहीचं दुमडलेलं पान निघालं.

"आदरणीय काकाजी," तिने लिहिलं होतं, "तोंडाने सांगता येत नाही म्हणून लिहिते. लग्नाला पाच वर्षे झाली. माझ्या सगळ्या तपासण्या दोन वेळा झाल्या, दोष निघाला नाही. यांनी एकदाही तपासणी केली नाही. सासूसासऱ्यांशी मी हे बोलले नाही. माझ्या नावाला बोल लागला तर मी सोसून घेईन, पण यांच्या नावाला लागला तर ते मिलमध्ये मान वर करू शकणार नाहीत. तुम्ही वाचायला दिलेल्या मासिकात होते की गरम झालेल्या प्लास्टिकमुळे पुरुषांमध्येसुद्धा असा दोष येतो. हे खरे आहे का? खरे असेल तर तुम्ही यांना एकदा सांगाल का? ते तुमचे ऐकतात."

मी ते पान तीनदा वाचलं आणि कपाटाला कुलूप लावून घरी आलो.

मी लग्न केलेलं नाही. याला काही मोठं कारण नाही. विचारायचं तेव्हा विचारता आलं नाही, आणि मग वय झालं. अशा माणसाला तरण्या सुनेने हा प्रश्न विचारावा! मी पाच मसुदे केले. पहिला इतका शास्त्रीय झाला की तो कुणाला लिहिलाय तेच कळेना. दुसऱ्यात 'वीर्य' हा शब्द आला आणि मी कागद फाडला. उरलेल्या तिन्हींत मी तिला धीर धरायला सांगितलं होतं, आणि धीर धरायला सांगणं म्हणजे काही न सांगणं, एवढं मला कळत होतं. पुढच्या शनिवारी ती आली. टेबलाशी जरा जास्त वेळ उभी राहिली. मी रजिस्टरात मान घालून तारीख लिहीत होतो.

दसऱ्यानंतर ती यायची थांबली.

नोव्हेंबर संपता संपता तिच्याऐवजी कमलेश आला. तेजरामचा हा एकुलता मुलगा, वय बत्तीस, इंडस्ट्रियल एरियातल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. पहिली पाळी संपवून तसाच आला होता. खांद्याला डब्याची पिशवी, हातात उन्नतीची दोन पुस्तकं.

"काकाजी, हे राहून गेलते घरी. जमा करून घ्या."

"ती कुठे आहे?"

"माहेरी." तो कपाटाकडे पाहत म्हणाला. "दिवाळीच्या पहिले गेली. आईचं न तिचं जमून नाई राहिलं. बाबा म्हणते, संक्रांत झाली का चार लोक घेऊन लाखनीले जाऊ आन् मोकळं करून टाकू. ते भी मोकळी, आपण भी."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मैं क्या बोलूँ?"

मी त्याला बसवलं. मला चहाचं आमंत्रण एवढंच काय ते जमतं. किटलीतला चहा कपात ओतताना टेबलावर जागा करायला त्याने पिशवीतला डबा काढून बाजूला ठेवला, आणि डबा डुलायला लागला. पाळण्यासारखा, इकडून तिकडे. त्याने सवयीने हात ठेवून तो थांबवला.

मी डबा उचलला. निळा, प्लास्टिकचा, तीन कप्प्यांचा. झाकणावर आमच्या पतसंस्थेचं नाव अजून वाचता येत होतं. तळ सपाट नव्हता. मधोमध आत गेला होता, अगदी सारख्या गोलाईने, कौल असावं तसा; कडा मात्र खालीवर झाल्या होत्या.

"हे कशाने झालं?"

"पाईपानं." तो हसला. "भट्टीले गरम हवेचा पाईप जाते नं, त्याच्यावर ठेवतो आमी. एक बजेपर्यंत एकदम गरमागरम. पहिले पहिले हलत जाय, आता पाईपावर फिट्ट बसते. बाबाचा डबा होय हा. नोकरी लागली तई मले देला."

डबा माझ्या हातात होता आणि मला पंधरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. पतसंस्था दरवर्षी सभासदांना भेटवस्तू द्यायची. नेहमी स्टीलचा डबा. त्या वर्षी लोक ओरडले की घरात डबे ठेवायला फळी उरली नाही, काहीतरी नवीन द्या. भेटवस्तू समितीत मी होतो, कारण नाही म्हणता येत नाही अशा माणसाला समितीत घेतात. हा निळा डबा ठरला. सोबतच्या चिठोऱ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तो मायक्रोवेव्हमध्ये चालतो. सेक्रेटरी म्हणाले, विजयबाबू, बोर्डावर सोप्या भाषेत सूचना लावा. आमच्या कुणाच्या घरी मायक्रोवेव्ह नव्हता, म्हणून तो शब्द मी गाळला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : हा डबा गरम करता येतो.

भट्टीवरचे लोक डबा कशावर गरम करतात हे मला ठाऊक होतं. तेजरामच्या स्टीलच्या डब्यातली पाईपावर तापलेली भाजी मी कितीदा खाल्ली होती. ठाऊक असून मी ते वाक्य लिहिलं.

"कमलेश," मी म्हणालो, "मी तुला एक वाचून दाखवतो. मला नीट बोलता येत नाही, म्हणून वाचतो."

ते मासिक मी काढलं आणि शाळेतल्या मास्तरसारखा वाचू लागलो. मध्येच थांबून माझ्या भाषेत सांगितलं. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून हुकूम पाठवतात, अमुक कर, तमुक थांबव. तापलेल्या, जुन्या प्लास्टिकमधून जी द्रव्यं अन्नात उतरतात, त्यातली काही त्या हुकमांसारखीच दिसतात. ऑफिसात साहेबाच्या सहीसारखी सही करून कुणी खोटी चिठ्ठी सोडावी तसं. खालचा माणूस बिचारा सही पाहून काम करतो. पुरुषाच्या शरीरात मूल होण्यासाठी जे तयार व्हायचं, तिथले हुकूम असे बिघडतात, म्हणून ते कमी तयार होतं किंवा दुबळं होतं. पुष्कळ अभ्यासांत असं दिसलंय. मात्र अमक्या माणसाला अमक्या डब्याने झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

तो डब्याकडे पाहत होता. चहावर साय धरली.

"उन्नतीनं सांगतलं का तुमाले?"

मी मान डोलावली. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"चार साल से वही बोल रही है," तो हळूच म्हणाला, "एक बार जाँच करा लो. मी म्हणो, उद्या. काकाजी, मले भेव लागते. मिलमध्ये एकाचं असं समजलं होतं. त्याले लोक काय काय म्हणत. त्यानं काम सोडून देलं." मग डबा स्वतःकडे ओढून घेत, "तुमी संग याल?"

मला हो म्हणताना विचार करायला सुचलं नाही. बरं झालं.

पद्मनाभपूरला डॉक्टर मृणाल आहे. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी. लहानपणी वाचनालयात फरशीवर पालथी पडून वाचायची. तिला फोन करायला मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, "काका, आधी तपासणी होऊ द्या, रिपोर्ट घेऊन या. आणि त्यांना सांगा, आधी तीन-चार दिवस…" पुढचं तिने अगदी सहज सांगितलं. मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि कमलेशच्या हातात दिली. त्याने वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत होतो.

लॅब पावर हाउसच्या बाजारात होती. जुनवानीपासून लांब, म्हणून मुद्दाम निवडलेली. सोमवारी सकाळी गेलो. हॉल भरलेला. साखर तपासायला आलेले म्हातारे, पोटाशी फाइल धरलेल्या बायका, एक पट्टी बांधलेला पोरगा. कमलेशने कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि तोंडावर रुमाल घेतला. तेवढ्यात मला कोपर मारलं.

"काकाजी, तो मोनू. आमच्या मिलमधला. आईले घेऊन आला वाटते."

मोनू समोरच्या रांगेत बसला होता. त्याने अजून पाहिलं नव्हतं. आणि नेमका त्याच क्षणी आतला माणूस दारात आला, एका हातात पर्ची, दुसऱ्या हातात पांढरी डबी, आणि पावर हाउसच्या भाजीवाल्यासारख्या आवाजात ओरडला :

"सीमेन जाँच वाला कौन है? कमरा खाली हो गया, चलिए!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. कुणी हललं नाही.

"अरे कौन है भाई? शरमाना क्या?"

कमलेश खुर्चीतून उठत होता, पण बाहेरच्या दाराकडे. मला कळलं, आत्ता हा गेला की पुन्हा येणार नाही. संक्रांतीला चार माणसं लाखनीला जातील आणि उन्नती काही न बोलता सगळं ऐकून घेईल, जसं तिने माझं मौन ऐकून घेतलं.

"मैं हूँ," मी म्हणालो.

मी उभा होतो. कधी उभा राहिलो ते आठवत नाही. सभेत आभार मानायलासुद्धा मला ढकलून उठवावं लागतं.

"आप?" तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. "दादाजी, आपकी उमर?"

"चौहत्तर."

"पर्ची में तो बत्तीस लिखा है!"

"वो… पहले का होगा."

हॉल हसला. मोनू तर मांडीवर हात मारून हसला. त्याच्या आईशेजारी बसलेली, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली एक छत्तीसगढी बाई मात्र त्या माणसावर खेकसली, "हाँसत का हस ग? सियान के हिम्मत ला देख! दे न डब्बा ला."

सियान म्हणजे वडीलधारा; तो मी. त्याने डबी दिली. माझे कान इतके तापले होते की त्यांच्यावर कमलेशचा डबा गरम झाला असता. मी बोळातून आत गेलो. खोलीच्या पलीकडे पाण्याचा फिल्टर होता. तिथे उभा राहिलो. काही वेळाने कमलेश पाणी प्यायला आल्यासारखा आला. मी डबी त्याच्या हातात दिली. तो माझ्याकडे न पाहता खोलीत गेला. मी दाराशी स्टुलावर बसलो आणि भिंतीवरचा डेंग्यूचा तक्ता चार वेळा वाचला. मग ती डबी मीच खिडकीत नेऊन दिली. आयुष्यात मी कुणाच्या हातात प्रेमपत्र दिलेलं नाही. ते असंच अवघड असतं का, हे आता मला कुणाला विचारायचं नाही.

बाहेर ऑटोत बसल्यावर कमलेश पहिल्यांदा बोलला. "काकाजी, तुमी कावून केलं असं?"

"मला मिलमध्ये जायचं नाही ना," मी म्हणालो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला आणि बुधवारी आम्ही मृणालकडे गेलो. तिने कागद पाहिला, चष्मा काढला आणि सरळ कमलेशशी बोलली.

"शून्य नाही. हे आधी ऐका. असायला हवेत त्यापेक्षा कमी आहेत आणि हालचाल मंद आहे. पण आहेत."

कमलेशने डोळे मिटले.

मी पिशवीतून निळा डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला. तो डुलू लागला. बोर्डावरच्या सूचनेसकट सगळं सांगितलं. तिने डबा उलटा करून तळावरून बोट फिरवलं.

"काका, सगळं या डब्याच्या माथी मारता येणार नाही. हा एक आहे. भट्टीची उष्णता आहे. खर्रा खाता?"

कमलेश ओशाळला. "दिवसातून चार-पाच."

"पन्नीतच घोटता ना? सुपारी, चुना, तंबाखू, आणि वर प्लास्टिक घासायचं. तोही एक आहे. एकदा तज्ज्ञाकडून बाकीची तपासणी करून घ्या, मी नाव देते. पण यातली चांगली गोष्ट सांगू का? प्लास्टिकमधली ही द्रव्यं शरीरात बरीचशी दिवस-दोन दिवसांत बाहेर पडतात. रोज नवी घालतो म्हणून ती असतात. आणि पुरुषाच्या शरीरात हे बीज सतत नवं तयार होत असतं. एका खेपेला साधारण अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आज जे बदलाल त्याचा फरक होळीच्या सुमाराला दिसू शकतो. वचन देत नाही मी. पण वाट पाहण्यासारखी गोष्ट आहे. आणि बायकोला बरोबर आणा. हा दोघांचा विषय आहे."

पायऱ्या उतरताना कमलेशने खिशातली खर्र्याची पुडी काढली, थोडा वेळ पाहिली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग परत वाकून पन्नी उघडली, भरलेली आहे की रिकामी ते पाहिलं. भरलेली होती. तशीच टाकली.

रविवारी मी नेहमीप्रमाणे तेजरामकडे जेवायला गेलो. त्याची बायको कौशल्या वहिनी मला दर रविवारी बोलावते. मी तिच्या हातचा वडाभात खाल्ला नाही तर मी उपाशी राहतो असं तिला वाटतं. अंगणातच तेजरामने मला अडवलं.

"या नवरदेव! बसा! मांडव कुठी टाकाचा?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणते पाह्य! अख्ख्या जुनवानीत हल्ला आहे. मोनू सांगून राहिला सगळ्याईले, कमलेशचे काकाजी पावर हाउसले जाऊन जवानीची जाँच करून आले. लोक मले विचारते, बुढऊ कोणाशी लगन लावून राहिले? आता मी काय सांगू? चौऱ्याहत्तर वर्षं पुस्तकं वाचली न आता परीक्षेले बसले?" तो स्वतःच्या विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

कौशल्या वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मीही हसलो. अशा वेळी हसलं की लवकर संपतं, हा माझा अनुभव.

पण ते संपलं नाही. जेवायला बसल्यावर त्याने पुन्हा काढलं. "भाऊजीले वाढ वं जास्त. डॉक्टरनं ताकद वाढवाले सांगतली असन."

"बाबा," कमलेश म्हणाला, "बस झालं."

"तू काहून चिडतं? मजाक करून राहिलो."

"ते जाँच माझी होती."

तेजरामचा हात ताटातच राहिला.

"नंबर माझा होता. नाव माझं होतं. मोनू समोर होता म्हणून काकाजी उभे राहिले. मी पळून जाऊन राहिलतो." कमलेश आता थांबत नव्हता. "कमी मेरे में है, बाबा. उन्नतीमध्ये काहीच नाई. तिचे दोनी वेळचे रिपोर्ट साफ आहे. तिले माहीत होतं. तिनं तुमाले नाई सांगतलं, कारण का माझं नाव खराब होईन. आन् मी तिले गाडीत बसवून देलं."

आतल्या खोलीतून कौशल्या वहिनी दारात येऊन उभी होती, हातात वाढायचं भांडं.

"चार वर्षं सोळा सोमवार धराले लावले मी तिले," ती म्हणाली. "उपाशी पोटी. आन् ते पोरगी चूप राह्यली." तिने भांडं खाली ठेवलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसली.

तेजराम माझ्याकडे वळला. आता तो हसत नव्हता. "हे बरं होते का, विजयबाबू? का जलमाचं आहे?"

मी डॉक्टरचं सगळं सांगितलं. होळीपर्यंतची मुदत सांगितली. आणि जे अनेक दिवस सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं, की त्या निळ्या डब्याची सूचना बोर्डावर मी लावली होती, मीच लिहिलं होतं गरम करता येतो म्हणून.

तेजरामने ताट बाजूला सारलं.

"कोणता बोर्ड?"

"ऑफिसबाहेरचा. हिरव्या कापडाचा."

"त्याच्यावर काही लिवलेलं राहे?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "विजयबाबू, तुमाले वाटते का आमी तो बोर्ड वाचून डबा पाईपावर ठेवला? आमी तं पाईप दिसला का डबा ठेवो. माह्या बापानं पितळेचा ठेवला, मी स्टीलचा ठेवला, यानं हा ठेवला. पाईप तोच न सवय तेच. डबा बदलला हे कोणाच्या ध्यानातच नाई आलं." तो उठला, माळ्यावर हात घालून काहीतरी शोधू लागला. भांड्यांचा गडगडाट झाला. शेवटी त्याने एक चेपलेला, तीन पुडांचा स्टीलचा डबा काढला आणि फुंकर मारून कमलेशच्या ताटाशेजारी ठेवला. "उद्यापासून हा नेजो. आन् मिलमधल्या पोराईले सांग. निळा डबा ज्याच्या ज्याच्याकडं असन त्याले."

कुणी न वाचलेल्या त्या सूचनेचं ओझं मी दोन आठवडे वाहिलं होतं. हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मग लक्षात आलं, बोर्डावरचं माझं वाक्य कुणी वाचलं नव्हतं; ज्या एकीने माझं काही वाचायची वाट पाहिली, तिला मी काहीच लिहिलं नव्हतं.

लाखनीला चार माणसं न्यायचा बेत मोडला. कमलेश म्हणाला, येत्या रविवारी मी एकटा जातो. मग म्हणाला, ती माझा फोन उचलत नाही, गेल्यावर तोंडावर दार लावलं तर? मी म्हणालो, आधी पत्र जाऊ दे. समोर उभं राहून विचारलं तर माणसाला नाही म्हणता येत नाही. पत्र वाचून म्हणता येतं. तो हक्क तिला हवा.

सोमवारी दुपारी वाचनालयात टेबलाशी बसलो. या वेळी मसुदा केला नाही.

"चि. उन्नतीस, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला साडेतीन महिने लागले. कारण फक्त माझा भित्रेपणा. तू विचारलं होतंस, हे खरं आहे का. खरं आहे. गरम प्लास्टिकमधून उतरणाऱ्या द्रव्यांनी पुरुषाचे शुक्राणू कमी किंवा दुबळे होऊ शकतात. कमलेशने तपासणी केली आहे. दोष त्याच्यात आहे, तुझ्यात नाही, आणि हे त्याने स्वतःच्या तोंडाने आईवडिलांना सांगितलं आहे. डॉक्टर म्हणाल्या की सुधारणा होऊ शकते. होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही…"

'शुक्राणू' हा शब्द मी सरळ लिहिला आणि पुढे गेलो. काही झालं नाही.

शेवटी मी लिहिलं की ती परत आली नाही तरी त्यात तिची चूक नाही, आणि तिच्या नावावरचं पुस्तकांचं कार्ड मी बंद केलेलं नाही. हे शेवटचं वाक्य अगदीच वेडगळ वाटलं. पण खोडलं नाही.

पाळी सुटल्यावर कमलेश आला. खाली त्याने हिंदीत लिहिलं, मोठ्या, वाकड्या अक्षरांत : "मैं इतवार को आ रहा हूँ। तुम नहीं बोलोगी तो लौट जाऊँगा, नाराज नहीं होऊँगा। खर्रा पाँच दिन से बंद है। सिर बहुत दुखता है।" मग पेन तसंच धरून म्हणाला, "आईनं भी सांगतलं आहे लिवाले."

"काय?"

"म्हणते, उन्नतीले लिव, येतानी तिच्या आईच्या हातच्या लाखोळीच्या डाळीच्या वड्या आणजो. इकडं तशा भेटत नाई."

ते मी माझ्या अक्षरात लिहिलं. कौशल्या वहिनीला माफी मागता येत नाही, हे उन्नतीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

पावर हाउसच्या पोस्टात आम्ही कमलेशच्या मोटारसायकलवर गेलो. हँडलला स्टीलचा डबा लटकवलेला होता, खड्ड्याखड्ड्याला वाजत होता. तो बाहेर थांबला. मी रांगेत उभा राहिलो. खिडकीपर्यंत पोचता पोचता दोनदा वाटलं, एक वाक्य बदलायला हवं होतं.

खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात घेऊन वजन पाहिलं. "क्या है इसमें, दादाजी? कागज़ात?"

"चिट्ठी है."

"आजकल चिट्ठी कौन भेजता है!" ती हसली. "जल्दी की है?"

"हाँ," मी म्हणालो. "बहुत देर हो गई है."

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि मागच्या टोपलीत टाकलं.